बॅले घरी सुरू करताना : पाच पोझिशन, तोल आणि फ्रेंच नावे

उत्तराआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही चाळीसगावला राहता, तुमचे वय 36 आहे आणि मुलगी 9 वर्षांची आहे. गावात बॅलेचा वर्ग नसल्यामुळे मायलेकी गेले तीन महिने व्हिडिओ पाहून, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून सराव करत आहात. पहिल्या पोझिशनमध्ये पावले एका सरळ रेषेत येत नाहीत, आणि ओढून आणली तर गुडघे आतल्या बाजूने दुखतात. टाचा उचलल्या की तोल जातो. एकाच हालचालीला वेगवेगळ्या व्हिडिओंत वेगवेगळी नावे ऐकू येतात, त्यामुळे गोंधळ होतो. शिवाय मुलीसाठी पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे कडक बूट) मागवून ठेवले आहेत, ते वापरू द्यावेत का, असेही तुम्ही विचारले आहे. मी मुंबईत शिकले आणि गेली 19 वर्षे जळगावात शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी याच अडचणी घेऊन येतात.

सर्वात आधी गुडघ्यांविषयी. पावले सरळ रेषेत आणण्याचा प्रयत्न आजपासून थांबवा. बॅलेमध्ये पाय बाहेरच्या बाजूला वळवलेले असतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत फिरते तिथून यायला हवे. मांडी फिरली की तिच्या मागोमाग गुडघा फिरतो आणि गुडघ्याच्या मागोमाग पाऊल. व्हिडिओ पाहून शिकणारा माणूस नेमके उलट करतो, कारण त्याला पडद्यावर पाऊल दिसते, खुबा दिसत नाही. तो आधी पावले हवी तशी ठेवतो आणि मग उरलेले शरीर त्यांच्यावर बसवू पाहतो. गुडघा सरळ असताना जवळजवळ फिरत नाही, वाकलेला असताना मात्र थोडा फिरतो. म्हणून पुष्कळ जण नकळत गुडघे वाकवतात, पावले रेषेत लावून घेतात आणि मग गुडघे सरळ करतात. त्या क्षणी खुब्यातून न मिळालेले सगळे वळण गुडघ्याच्या आणि घोट्याच्या माथी येते. तुमचे दुखणे बहुधा याच पिळाचे आहे. मी स्वतः सतरा वर्षांची असताना एका वर्गात 'रेषा हवी म्हणजे हवी' या हट्टापायी वर्षभर असे उभे राहिले आणि पुढे कितीतरी दिवस जिना उतरताना कठड्याला धरत होते. सराव थांबवूनही दोन आठवड्यांत दुखणे गेले नाही किंवा सूज दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

आपले खरे टर्नआउट किती, हे घरीच पाहता येते. गुळगुळीत फरशीवर सुती मोजे घालून पावले जोडून, समांतर ठेवून उभे राहा. गुडघे सरळ ठेवा, पण मागे ताणू नका. एका हाताने ओट्याला हलकेच स्पर्श करा, वजन टाचांवर घ्या, पावलांचे पुढचे भाग फरशीपासून जेमतेम सुटतील इतके उचला आणि मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा. कंबर मागे जाता कामा नये आणि कुल्ले आवळायचे नाहीत. ते आवळले की फिरणे थांबते. मांड्या जिथे थांबतील तिथे पावले खाली टेकवा. टाचांना टाचा लागलेल्या आणि पुढे इंग्रजी 'व्ही'सारखा कोन, ही तुमची पहिली पोझिशन. नवशिक्या प्रौढ माणसाचा हा कोन बहुतेक वेळा काटकोनाच्या आसपास असतो आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. पावलांच्या बाहेरच्या कडेने खडूने रेषा मारून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने खडू सापडेना म्हणून रांगोळीने रेषा काढल्या होत्या. आठ महिन्यांनी त्या दोन बोटे बाहेर सरकल्या होत्या, आणि तेवढी प्रगती उत्तम समजावी.

आणखी एक खूण पावलाच्या तळव्यातच मिळते. अनवाणी उभे राहा आणि वजन तीन ठिकाणी सारखे पडते का ते पाहा : अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेच्या मध्यावर. पावले जबरदस्तीने उघडली असतील तर तळव्याची कमान आत ढासळते, करंगळीकडचे वजन हलके होते आणि बोटे फरशी पकडू लागतात. बोटांची नखे पांढरी पडलेली दिसली, तर कोन लगेच कमी करा. मुलीला हे 'तिपाई डुगडुगली' असे सांगितले तर तिला चटकन समजेल.

मुळात ही सरळ रेषा बॅलेच्या आरंभी नव्हतीच. हा नाच इटलीच्या दरबारांतून फ्रान्सच्या दरबारात आला. चौदाव्या लुईने 1661 मध्ये पॅरिसमध्ये नृत्याची शाही अकादमी स्थापन केली आणि त्याचा नृत्यगुरू पिएर बोशाँ याने पायांच्या पाच पोझिशन पक्क्या केल्या, असे मानले जाते. त्या काळचे दरबारी लोक पावले माफकच उघडत असत; पुढे नाच रंगमंचावर गेला, पाय अधिक उंच जाऊ लागले आणि टर्नआउट वाढत गेले. खुबा बाहेर वळलेला असला की पाय बाजूला अधिक मोकळेपणाने उचलला जातो, हे त्यामागचे शारीरिक कारण आहे.

दुसऱ्या पोझिशनमध्ये कोन पहिलीचाच, फक्त दोन टाचांमध्ये साधारण एका पावलाएवढे किंवा त्याहून किंचित अधिक अंतर असते आणि वजन बरोबर मध्ये राहते. तिसरीत एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या मध्याला टेकते. रंगमंचावर ती फारशी दिसत नाही, परंतु पाचवीकडे जाण्याची पायरी म्हणून नवशिक्यांसाठी ती फार उपयोगी आहे. तुम्ही दोघींनी पहिले वर्ष तिसरीतच काढले तरी माझी हरकत नाही. चौथीत एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे साधारण एका पावलाच्या अंतरावर असते आणि चूक हमखास अशी होते की सगळे वजन मागच्या पायावर राहते. पाचवीत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांशी आणि मागच्याची टाच पुढच्याच्या बोटांशी येते. पाय समांतर जोडून उभे राहण्याला बरेच शिक्षक सहावी म्हणतात. वर सांगितलेली चाचणी तिथूनच सुरू होते.

हातांबद्दल थोडेच सांगते, कारण पहिल्या सहा महिन्यांत पाय नीट झाले तर हात पुष्कळसे आपोआप सुधारतात. हात खाली मांड्यांपुढे गोल, तिथून बेंबीच्या उंचीवर पुढे गोल, बाजूला उघडलेले, आणि डोक्यावर किंचित पुढे गोल, एवढ्या चार जागा पुरेत. कोपर कधीही खाली लोंबू देऊ नका आणि हात वर जाताना खांदे कानांकडे जाऊ देऊ नका. हात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याला पोर द ब्रा म्हणतात.

आता तोल. माझ्या वर्गातल्या अहिराणी बोलणाऱ्या मुली पहिल्या दिवसापासून 'बाई, तोल जास' म्हणत असतात आणि मी त्यांना विचारते की तो कुठे जातो ते सांगा : पुढे, मागे की बाजूला? बहुतेकींनी तसे कधी पाहिलेलेच नसते. टाचा उचलल्यावर तुमचा तोल मागे जात असणार, असा माझा अंदाज आहे. सपाट पावलावर उभे असताना शरीराचे वजन टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंतच्या पट्ट्यात कुठेही असले तरी निभावते. टाच उचलल्यावर मात्र आधाराची जागा बोटांच्या मुळाशी असलेल्या चिंचोळ्या पट्टीएवढीच उरते आणि शरीराचा गुरुत्वमध्य तिच्या बरोबर वर यावा लागतो. म्हणजे उचलताना सबंध शरीर अगदी थोडे पुढे सरकले पाहिजे. सुरुवात करणारा माणूस सरळ वर जाऊ पाहतो, वजन टाचेवरच विसरतो आणि मागे झोकांडतो. टाच उचलण्याआधी, ओट्यावरून हात न काढता, शरीर एक फळी समजून वजन पावलांच्या पुढच्या भागावर न्या. टाचा फरशीला लागलेल्या असतील, पण त्यांच्याखालून कागद ओढून काढता येईल. तिथे क्षणभर थांबून मगच टाचा उचला. पहिल्याच दिवशी फरक जाणवेल.

वर गेल्यावर वजन अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या मुळाशी हवे. करंगळीकडे गेले की घोटा बाहेर कलतो आणि मुरगळण्याची वाट मोकळी होते. मुलीच्या मागे जमिनीवर बसून तिच्या टाचांकडे पाहा : पोटरीवरून टाचेपर्यंत येणारी शीर सरळ दिसली पाहिजे. ती धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर उंची कमी करा.

एका पायावर उभे राहताना आणखी एक सरकणे लागते, ते बाजूचे. दोन पायांवर असताना गुरुत्वमध्य मध्ये असतो; एक पाय उचलण्याआधी तो उभ्या पायावर आणावा लागतो. आपल्याकडे रावेर-यावलच्या बागांत घड भरलेली केळ एका अंगाला झुकते आणि तिला बांबूचा टेकू द्यावा लागतो. उभ्या पायाकडचा खुबा बाहेर ढकलून उभे राहणारी मुलगी मला नेहमी तशी दिसते, आणि तिचा टेकू म्हणजे ओटा. खुबा बाहेर न काढता सबंध धड पायावर आणायचे, उभ्या मांडीतून वर ताणायचे, आणि मगच दुसरा पाय उचलायचा. धड कसे ठेवावे हे चुंबळीवर कळशी घेऊन चालणाऱ्या बायकांकडून शिकावे : मान लांब, खांदे खाली, फासळ्या पुढे न काढलेल्या, नजर समोर. छाती बाहेर काढून 'ताठ' उभे राहिले तर कळशी मागे सांडेल.

बार म्हणजे सरावाची दांडी. तुमचा ओटा हाच तुमचा बार. त्याच्याशी फुगडी खेळू नका. फुगडीत दोघी मागे झुकतात, एकमेकींच्या ओढीवर उभ्या असतात आणि एकीने हात सोडला तर दोघी पडतात. ओटा घट्ट पकडून मागे झुकलेल्या विद्यार्थ्याची अवस्था तीच असते, फक्त ओटा पडत नाही. बोटे वरून हलकी ठेवा, अंगठाही बोटांच्या शेजारी वरच ठेवा म्हणजे पकडता येणार नाही, आणि हात खांद्याच्या किंचित पुढे असू द्या. दर हालचालीच्या शेवटी दोन मोजेपर्यंत हात उचलून पाहा. तुमच्यासाठी ओट्याची उंची चालेल, 9 वर्षांच्या मुलीला तो उंच पडतो आणि तिचा खांदा वर चढतो. तिला कमरेच्या उंचीची जड खुर्ची द्या आणि ती उलटू नये म्हणून तिच्यावर गव्हाचे पोते ठेवा. खिडकीचे गज मात्र नकोत, कारण गज दिसला की हात तो मुठीत पकडतोच.

तोल सांभाळताना शरीर डोळे, कानातला तोलाचा अवयव आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव अशा तिन्हींचा आधार घेते. म्हणून समोर एका ठिपक्यावर नजर ठेवली की स्थिर वाटते, आणि म्हणूनच आठवड्यातून दोनदा सपाट पावलांवर पहिल्या पोझिशनमध्ये डोळे मिटून दहा मोजेपर्यंत उभे राहावे. तळव्यांखाली सतत बारीक हालचाल चालू असल्याचे जाणवेल. ती थांबवू नका. तोल म्हणजे अखंड चालणारी ही दुरुस्तीच असते, आणि श्वास रोखून, अंग दगडासारखे करून उभे राहणाऱ्याला ती करता येत नाही. हा सराव करताना कुणीतरी जवळ असावे.

नावांचा गोंधळ वाटतो तेवढा नाही. फ्रान्समध्ये घडण झाल्यामुळे नावे फ्रेंच राहिली, आणि त्यांतली बरीचशी आपल्या 'वाकवलेले', 'ताणलेले' यांसारखी धातूपासून झालेली साधी विशेषणे आहेत. प्लिये म्हणजे वाकवलेले : गुडघे वाकतात. अर्ध्या प्लियेत टाचा जमिनीवरच राहतात, पूर्ण प्लियेत त्या सुटतात, दुसऱ्या पोझिशनचा अपवाद सोडून. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने जातो का, एवढेच पाहा. तो आत पडत असेल तर पुन्हा पावलांचा कोन कमी करा. पूर्ण प्लिये पहिले काही महिने करूच नका. तांद्यू म्हणजे ताणलेले : पाय जमिनीवरून घासत बाहेर जातो, आधी टाच सुटते, मग तळव्याचा पुढचा भाग, शेवटी फक्त बोटांची टोके टेकलेली राहतात, आणि त्याच क्रमाने उलट परत येतो. माझ्या मते संपूर्ण बॅलेत याहून महत्त्वाचा व्यायाम नाही. मोजा फरशीवर घासल्याचा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर पाय हवेतून जात आहे. रलव्हे म्हणजे उचललेले, फोंद्यू म्हणजे वितळलेले, फ्रापे म्हणजे ठोकलेले, रों द जांब म्हणजे पायाने काढलेले वर्तुळ. सोते म्हणजे उडी मारलेले, आणि उडी मारताना 'सोते' म्हणायचे ऐकून हिंदी येणारी मुले दर वर्षी नव्याने हसतात. हॉटेलच्या मेनूतले सॉटे ते हेच : कढईत उडवलेले.

दिशांची नावे वेगळी पाठ करा : द्व्हाँ पुढे, देर्येर मागे, आ ला स्गोंद बाजूला, आणि पुढे, बाजूला, मागे, पुन्हा बाजूला असा क्रम म्हणजे आँ क्र्वा, क्रुसाच्या आकारात. आँ दऑर म्हणजे शरीरापासून बाहेरच्या दिशेने, आँ ददाँ म्हणजे आतल्या दिशेने. पाय जमिनीवरून पुढे, बाजूला, मागे असे वर्तुळ काढत गेला तर ते आँ दऑर, मागून सुरू होऊन पुढे आला तर आँ ददाँ.

एकाच हालचालीला वेगवेगळी नावे असण्याचे कारण असे की शिकवण्याच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत. तांद्यूसारखाच पाय घासत नेऊन शेवटी जमिनीपासून थोडा सुटू द्यायचा, या हालचालीला इटलीच्या एन्रिको चेक्केत्तीच्या परंपरेत देगाजे म्हणतात, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमात ग्लिसे, आणि लेनिनग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) आग्रिपिना वागानोव्हा यांच्या पद्धतीत बात्माँ तांद्यू जते. हात डोक्यावर गोल धरण्याला वागानोव्हा पद्धत तिसरी पोझिशन म्हणते, तर लंडनची पाचवी. चूक कोणाचीच नाही. एकच परंपरा निवडून निदान वर्षभर तिचेच व्हिडिओ पाहा, आणि वहीत फ्रेंच नावापुढे मराठी अर्थ लिहा. नाव ही सूचना आहे हे कळले की पाठांतर संपते.

मुलगी भरतनाट्यमही शिकते आणि दोन्हींची सरमिसळ होईल का, असे तुम्ही ओझरते विचारले आहे. अरैमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीतही, मांड्या खुब्यातूनच बाहेर फिरतात, त्यामुळे एकीकडे शिस्त लागली तर दुसरीकडे फायदाच होतो; फरक वजनाच्या जागेत आहे, भरतनाट्यम जमिनीत बसते आणि बॅले जमिनीपासून सुटू पाहते. भरतनाट्यमच्या थोर नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅले शिकल्या आणि भारतीय नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांना रशियन बॅले नर्तिका ॲना पाव्हलोव्हाने दिला, हे तिला जरूर सांगा.

उड्यांबाबत मी कडक आहे. शाहाबादी फरशी किंवा टाइल्स जराही दबत नाहीत, आणि प्रत्येक उडीचा धक्का नडगीत जातो; वर सतरंजी टाकली तर धक्का कमी होत नाही, उलट ती घसरते. सारवलेले अंगण असेल तर सोते तिथे करा, नाहीतर लाकडी तळाची जागा मिळेपर्यंत थांबा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा सराव सकाळी सातच्या आत उरकावा. घामाने ओल्या झालेल्या टाइलवर मोजे घालून चाचणी करणे म्हणजे पडण्याला बोलावणे. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी अर्धा तास पुरतो, आणि त्यातली दहा मिनिटे नुसत्या तांद्यूला द्यावीत.

पॉइंट शूज परत करता येत असतील तर करा. त्या बुटांत सबंध शरीराचे वजन बोटांच्या टोकांवर येते; त्यासाठी घोटे, तळवे आणि धड यांत अनेक वर्षांच्या नियमित शिक्षणाने आलेली ताकद लागते, आणि बहुतेक शिक्षक साधारण 12 वर्षांच्या आधी, तेही पाय प्रत्यक्ष हाताने तपासल्याशिवाय, परवानगी देत नाहीत. व्हिडिओवरून ही तपासणी होत नाही. तिला कॅनव्हासचे मऊ बॅले शूज घ्या, पावलाला मोज्यासारखे बसणारे. पुढे वाढतील म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, कारण सैल बुटात तिची बोटे काय करतात ते तुम्हाला दिसणार नाही.